गाठी मारलेली सुतळी

विहिरीत पाणी किती, असं विचारलं की गडीमाणसं फूट सांगतात आणि बाया वेळ सांगतात. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला मला नोकरीचं पहिलं वर्ष घालवावं लागलं.

२०१३ चा फेब्रुवारी होता. आदल्या पावसाळ्यानं मराठवाड्याला पार कोरडं सोडलं होतं आणि मी एका संस्थेकडून कळंब-केजच्या शिवेवरच्या एका गावात टंचाईची पाहणी करायला गेले होते. हातात छापील तक्ता. विहिरीची खोली, पाण्याची पातळी, मालकाचं नाव, मोटरची अश्वशक्ती. पारावर बसलेल्या मंडळींनी अर्ध्या तासात सगळे रकाने भरून दिले. गावठाणातली विहीर चाळीस फूट, पाणी चार फूट. मी 'टंचाई मध्यम' या चौकटीत खूण केली, चहा घेतला आणि निघाले.

वाट विहिरीवरूनच होती. काठाला हंड्यांची रांग लागलेली आणि बाया लिंबाच्या सावलीला बसलेल्या. कुणी ज्वारी निवडत होतं, कुणी लेकराला पाजत होतं. चार फूट पाणी असताना या का बसल्यात, म्हणून एका मावशींना विचारलं.

"चार फूट सकाळचं हाय ताई, रातभर पाझरलेलं. दिस वर आला की ते सरतंय. मंग दोन घंट्याला सहा हंडे. सातवा काढाया गेलं की पोहऱ्यात चिखल."

पुढे भूजलाच्या प्रशिक्षणात मला विहिरीची चाचणी शिकवली गेली. मोटर लावून विहीर उपसायची, मग ठरावीक मिनिटांनी पाणी किती वर चढलं ते मोजायचं, आणि त्यावरून झऱ्यांची ताकद काढायची. शिकवणारे साहेब फळ्यावर आलेख काढत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे तो लिंब होता. दोन तासांत सहा हंडे म्हणजे पंधरा लिटरच्या हिशेबानं नव्वद लिटर, तासाला पंचेचाळीस. त्या विहिरीवर साठ घरं. मावशींनी मला पाणीसाठा सांगितला नव्हता, झऱ्याचा वेग सांगितला होता, आणि टंचाईत खरा आकडा तोच असतो. माझ्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. मी परत जाऊन खूण बदलली, पण ती चूक मनात राहिली. त्या चौकटीच्या भरवशावर टँकर मिळायचा किंवा नाही मिळायचा हे ठरणार होतं.

आमच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. महाराष्ट्राचे पाचातले चार हिस्से याच बेसाल्टवर बसलेत. त्यात पाणी साठतं ते वरच्या मुरमात, फुटलेल्या थरात आणि भेगांत. कुठं भेग लागेल आणि कुठं नाही याचा भरवसा नसतो. एका बांधावर विहीर जिवंत आणि दुसऱ्या बांधावर शंभर फुटांवरही धूळ. खाली मोठा समुद्र आहे आणि खोल गेलं की तो लागतोच, हा समज आमच्या भागाला फार महागात पडला. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा आहे, शेतीसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घ्यायला त्यात बंदी आहे. मी पाहिलेल्या गावांत सहाशे-सातशे फुटांच्या बोअरी शेकड्यांनी आहेत.

त्या पाहणीनंतर दोन वर्षांनी त्याच गावात आम्ही पाण्याचा ताळेबंद करायचं ठरवलं. किती पाऊस पडला, किती मुरला, माणसांना, जनावरांना आणि पिकांना किती लागणार, याची जमा-खर्चाची मांडणी. त्यासाठी गावातल्या निवडक विहिरी दर पंधरवड्याला मोजायच्या होत्या. शासनाची भूजल यंत्रणाही निरीक्षण विहिरी मोजते, पण वर्षातून चारदा. गावाला रोजच्या निर्णयाला ते पुरत नाही. मोजणार कोण, यावर बैठकीत बरीच शांतता झाली. पोरांना मोबाइलवर नोंद करायची हौस होती, ती दोन महिने टिकली. मग मावशी म्हणाल्या, आम्ही दिवसातून दोनदा वाकतोच की विहिरीत.

टेप महाग, आणि तो ओला झाला की आकडे पुसतात. बायांनी सुतळीला फुटाफुटावर गाठी मारल्या, दर दहाव्या गाठीला लाल चिंधी बांधली आणि खाली मोटरचा जुना लोखंडी नट. नट पाण्याला लागला की आवाज होतो, कानाला कळतं. ज्यांना अंक लिहिता येत नव्हते त्यांनाही गाठी मोजता येत होत्या. अकरा जणी, अठरा विहिरी. आकडे शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहायचे.

विहिरी खाजगी, हे सोपं नव्हतं. "आमची विहीर कशापायी मोजता? उद्या सरकार अधिग्रहण करंल," असं एक अण्णा तोंडावर म्हणाले, आणि त्यांची भीती खोटी नव्हती, टंचाईत तहसीलदार खाजगी विहीर गावासाठी ताब्यात घेऊ शकतात. तिथं माझ्या समजावण्याचा उपयोग झाला नाही. अण्णांच्या थोरल्या सूनबाई आमच्या अकरातल्या एकीच्या मामेबहीण निघाल्या. तिसऱ्या पंधरवड्याला त्यांनी स्वतःच सुतळी सोडली आणि आकडा सांगायला पोरगी पाठवली. बायांची ही नात्यागोत्याची वाट कुठल्याच आराखड्यात लिहिलेली नसते.

एक चूक मात्र पूर्ण माझी. त्या अकरा जणी सगळ्या गावठाणातल्या होत्या. ओढ्यापलीकडच्या दलित वस्तीतली एकही नाही, आणि हे माझ्या लक्षात पुरतं एक वर्ष आलं नाही. त्या बायांची रांग वेगळी, त्यांचा हातपंप वेगळा. वस्तीतल्या एका काकूंनी मला सरळ विचारलं, "आमच्या पान्याला भिंत न्हाई का?" दुसऱ्या वर्षी त्यांच्या तिघी आल्या. त्यांच्या हातपंपाचं पाणी आम्ही छोट्या बाटलीत तपासायला ठेवलं. पाण्यात घाणीचे जंतू असले की दिवस-दोन दिवसांत त्या बाटलीतलं पाणी काळं पडतं. ते दुसऱ्याच सकाळी शाईसारखं झालं होतं. काकू बाटली पदराखाली घेऊन ग्रामपंचायतीत गेल्या आणि टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. हातपंपाशेजारचा उकिरडा आठवड्यात हलला, ओटा नवा बांधला गेला. जलजीवन मिशनमध्ये पुढे गावोगाव पाच-पाच बायांना पाणी तपासायचं प्रशिक्षण मिळालं. काकूंनी ते कधीच सुरू केलं होतं.

ताळेबंदाचं गणित बायांना सांगायला मी सुरुवातीला फार घाबरायचे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, हे वाक्य मी पाठ केलं होतं. त्याचं चित्र माझ्याही डोळ्यांपुढे येत नव्हतं. एकदा पाऊस पडताना एका घरात बसलो होतो. पत्रा वीस फूट बाय पंधरा फूट. मी हिशेब केला: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे या पत्र्यावरून अठ्ठावीस लिटर, दोनेक हंडे. घरातल्या सासूबाई पत्र्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी आज पन्नास पडला तर शंभर हंडे वाहून गेले की माय!" त्या पावसाळ्यात गावातल्या बऱ्याच वळचणींखाली टिपाडं आली.

पण ज्या आकड्यानं गावाची बैठक ढवळली तो उसाचा होता. दोन हजार वस्तीचं गाव, दर माणशी रोज पंचावन्न लिटर धरले तर वर्षाला लागतात साधारण चार कोटी लिटर. मोकाट पाण्यावरचा ऊस हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पितो. म्हणजे पाच एकर ऊस आणि सगळं गाव, दोघांची तहान सारखी. त्या वर्षी शिवारात ऊस होता बावीस एकर. हे मी भिंतीवर लिहिलं नाही, मावशींनी नातीकडून लिहून घेतलं.

बैठकीच्या वेळेवरही बरंच काही अवलंबून असतं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदा आपल्याकडे आहे. ती सभा सकाळी अकराला ठेवली की बाया खुरपायला गेलेल्या असतात आणि रजिस्टर घरोघर सहीला फिरतं. आम्ही ती रात्री जेवणं झाल्यावर ठेवली, आणि पारावर नाही, शाळेच्या ओसरीत. पाराच्या पायऱ्या चढायला सुना धजत नाहीत. त्या रात्री सत्तरएक बाया होत्या. ठराव तीन झाले: नवा ऊस नाही, जुन्याला ठिबक; उन्हाळी भुईमूग नाही; गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत कुणी बोअर घ्यायची नाही. यातला तिसरा तर कायद्यातलाच नियम, पण गावात तो कुणी उच्चारला नव्हता. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तिन्ही ठराव वाचले गेले. उसाचा ठराव पडला. बाकीचे दोन मंजूर झाले.

पुरंदरच्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या मापानं द्यायचं ठरवलं होतं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. मी त्याविषयी प्रथम वाचलं तेव्हा ते मला न्यायाचं तत्त्व वाटलं. गावात काम करताना लक्षात आलं की घरातल्या बाया पाणी असंच वाटतात. कळशी कुणाच्या नावची आहे हे त्या बघत नाहीत. आजारी कोण, बाळंतीण कोण, म्हैस किती दिवसांची गाभण, हे बघतात. माझ्या तक्त्यात जनावरांची संख्या पुरुषांनी नेहमी कमी सांगितली. शेळ्या ते धरायचेच नाहीत. शेळी बाईची.

आता मला ज्या बाईविषयी सांगायचं आहे तिला मी वहिनी म्हणत असे. तिशीतली, सातवी शिकलेली, अकराजणींतली सगळ्यात काटेकोर. भिंतीवरचे आकडे तिच्या अक्षरातले. ग्राम पाणीपुरवठा समितीत निम्म्या जागा बायांच्या असतात, त्यांतली एक तिची. ओसरीतल्या सभेत बोअरविरुद्ध सगळ्यात जोरात तीच बोलली होती.

२०१८ च्या श्रावणात पावसानं खंड दिला. सोयाबीन फुलात आलेलं आणि वीस-बावीस दिवस थेंब नाही. आमच्याकडे अलीकडे असंच होतंय. वर्षाची बेरीज काढली तर पाऊस तितकाच दिसतो, पण तो मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये लांबच लांब उघडीप. पीक वार्षिक सरासरीवर जगत नाही. त्या खंडात एका रात्री बोअरची गाडी गावात आली आणि पहाटेपर्यंत तिचा आवाज शिवारात घुमत होता. सातशे वीस फूट. नुसता फुफाटा. बोअर वहिनीच्या घरची होती.

दुसऱ्या दिवशी मी गावात होते. बचत गटाच्या बैठकीत, चारचौघींसमोर, मी तिला बोलले. तू समितीत आहेस, तूच ठराव मांडला होतास, आता गावानं आपलं ऐकायचं कसं? ती मान खाली घालून सुतळीची गाठ घट्ट करत बसली. बैठक संपल्यावर रस्त्यावर म्हणाली, "ताई, बोअर पाडायची का, आसं मला कुनी इचारलंच न्हाई. सही इचारली."

पैसे तिच्या नावावर काढले होते. बचत गटातून काही, बाकी एका फायनान्सवाल्याकडून. ही कर्जं बायांनाच मिळतात. सत्तर हजारांच्या वर. जमीन सासऱ्यांच्या नावावर, विहीर दिराच्या वाट्याला, मोटर नवऱ्याची, आणि कर्ज तेवढं तिचं. सातबाऱ्यावर तिचं नाव कुठंच नव्हतं. मी इतकी वर्षं बायांना समितीत आणण्यासाठी धडपडत होते आणि समितीची वाट घराच्या दरवाजाच्या किती अलीकडे संपते हे मी बघितलंच नव्हतं. तिला चारचौघींत बोलल्याबद्दल मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, असू द्या. मला मात्र ते अजून असू देता येत नाही.

शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून कितीतरी घरांत जमिनीचा तुकडा बाईच्या नावावर करवून घेतला. पाण्याच्या कामात ती मोहीम आज मला पुन्हा पुन्हा आठवते. पाण्याचा निर्णय शेवटी पिकाचा निर्णय असतो, आणि पिकाचा निर्णय ज्याच्या नावावर रान त्याचा. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर याच भागातल्या बायांबरोबर उभी राहिली. तिनं मराठवाड्यात एक एकराची शेती पसरवली: घरच्या रानातला एक एकर बाईनं मागून घ्यायचा आणि त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. बाया तिथं मूग, उडीद, तूर, ज्वारी, भाज्या घेतात. पाणी कमी, खत घरचं, माल आधी चुलीला आणि मग बाजाराला. या कामाला २०१६ साली इक्वेटर पुरस्कार मिळाला. २०१६ म्हणजे तेच साल, ज्याच्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. धनेगावचं मांजरा धरण तळ दाखवत होतं. मी त्या दिवसांत धरणाच्या तळात उभी राहिलेय, भेगांत पाऊल जात होतं. त्याच आठवड्यात एका एकराच्या रानात एका काकूंनी मला न्याहारीला बाजरीची भाकरी आणि चाकवताची भाजी वाढली होती. त्यांच्या नवऱ्याचं उरलेलं तीन एकर सोयाबीन त्या वर्षी गेलं होतं.

आणि नुसता दुष्काळच येतो असंही नाही. २०२० च्या ऑक्टोबरात काढून ठेवलेलं सोयाबीन गंजीत कुजलं, २०२१ च्या सप्टेंबरात मांजरा फुगली, २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या कित्येक गावांनी आठवणीत नाही असा पूर पाहिला. पुरानंतर पिण्याची विहीर आधी उपसून क्लोरिन कुणी टाकलं, कुठल्या घरात किती दिवस पिण्याचं पाणी उरलंय याची यादी कुणाकडे होती, हे मी पाहिलं आहे. याद्या सुतळीवाल्या बायांकडे होत्या. टंचाईसाठी शिकलेला हिशेब पुरातही कामाला आला.

वहिनी मात्र २०१८ च्या दिवाळीनंतर गावात नव्हती. कर्जाचे हप्ते बसेनात तेव्हा दोघा नवरा-बायकोनं दसऱ्याला मुकादमाकडून उचल घेतली आणि कोयत्याला गेले, सांगलीकडे. जिच्या गावात बावीस एकर उसावरून आम्ही एवढं भांडलो, ती दुसऱ्याचा ऊस तोडायला. त्या वर्षी आमच्या चौदाजणींतल्या चौघी कोयत्यावर होत्या. ताळेबंद आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी मांडत असू, कारण पावसाळा संपल्यावरची पातळी तेव्हा मिळते; पण रब्बीचं ठरायच्या नेमक्या वेळी गावातल्या गरीब बाया गावाबाहेर असतात. पुढच्या वर्षापासून आम्ही कच्चा ताळेबंद घटस्थापनेच्या आठवड्यात मांडायला लागलो. आकडा थोडा ढोबळ होतो, पण टोळ्या अजून गावात असतात. वर लेखी कळवलं तेव्हा तारीख बदलू नका असं उत्तर आलं. आम्ही बदलली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, २०१९ मध्ये, तिचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज आणि कुणीतरी जोरजोरात मोळ्या मोजत होतं. तब्येत विचारली तर त्यावर काही बोलली नाही.

"ताई, गावठाणच्या हिरीला किती झालं?"

मी भिंतीवरचा आकडा सांगितला. आता तो तिच्या धाकट्या जावेच्या अक्षरात होता. पाण्याला चौतीस गाठी.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मनात वजाबाकी करत असावी; चाळीसातून चौतीस.

"रातीचं का सकाळचं?"

"सकाळचं."

"मंग न्हाई पुरायचं फाल्गुनापस्तोर. सासूबाईला सांगा, दोन शेळ्या ह्याच बाजारी इका म्हनावं, गाभण हाय ती ठिवा. आन जावंला सांगा, उद्या दुपारी बी एकदा सुतळी सोड. दुपारचं लिवा भिंतीवर, सकाळचं नगं."